लंडनच्या घरात काचेतला समुद्र



परदेशी राहणाऱ्या नातेवाइकांकडे जाताना काय न्यावे, हा प्रश्न आपल्याकडे घरोघरी पडतो. कुणी भाजीचे अशार नेतो, कुणी घरच्या मसाल्याची पुडी, कुणी आजीच्या हातचे लाडू. मला मात्र मागच्या वर्षी निराळीच मागणी आली. माझी धाकटी बहीण सत्तरच्या दशकात परिचारिका म्हणून ब्रिटनला गेली व तिकडचीच झाली. तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, लंडनच्या दक्षिणेस क्रॉयडन येथे राहतो. त्याची अकरा वर्षांची मुलगी फोनवर मला मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली, "आजोबा, येताना फ्लिक-आँ-फ्लाकच्या समुद्रातला एक कोराय आणा. माझ्या पेटीसाठी."

कोराय म्हणजे प्रवाळ, हे आपल्या बेटावर कुणाला सांगायला नको. पेटी म्हणजे कसली, ते भाच्याने समजावले. बापलेकीने मिळून घरात खाऱ्या पाण्याचे छोटे मत्स्यालय मांडायला घेतले होते. साधे लाल माशांचे नव्हे, तर जिवंत प्रवाळाचे. मला गंमत वाटली. ज्या देशात जानेवारीत चार वाजता दिवे लागतात, त्या देशात हे लोक आपला समुद्र घरात कसा ठेवणार? तीन महिने तिथे राहून मी ते पाहिले. जे समजले ते आपल्यापुढे ठेवतो, कारण ही गोष्ट शेवटी आपल्याच दारातल्या समुद्राकडे येते.

मी दगड परत ठेवला

निघण्याच्या आठवड्यात मी खरोखरच फ्लिक-आँ-फ्लाकला गेलो. वाळूवर पांढरा, मेलेल्या प्रवाळाचा एक सुंदर तुकडा पडला होता. हातात घेतला, पिशवीत टाकणार, इतक्यात शेजारी गळ टाकून बसलेला एक म्हातारा कोळी क्रिओलमध्ये म्हणाला, "गुरुजी, तो तिथेच राहू द्या." त्याचे बरोबर होते. आपल्याकडे समुद्रातून प्रवाळ व शंखशिंपले उचलून नेण्यास कायद्याने मनाई आहे. शिवाय दगडासारखे कवच करणारे सर्व कठीण प्रवाळ 1975 पासून अमलात असलेल्या साइट्स या आंतरराष्ट्रीय करारात आज संरक्षित यादीत आहेत. ओळखू येईल असा तुकडा, जिवंत असो की मेलेला, परवान्याशिवाय एका देशातून दुसऱ्या देशात नेता येत नाही. मी दगड परत ठेवला. नातीला काय सांगायचे, याचा विचार विमानात बारा तास केला.

सांगायला गोष्ट मात्र लंडनमध्येच सापडली.

वेस्टमिन्स्टरची बाई

वेस्टमिन्स्टर अ‍ॅबे या प्रसिद्ध देवळाच्या आवारात अ‍ॅशबर्नहॅम हाऊस नावाचे जुने घर आहे. आज ते तेथील शाळेकडे आहे. 1846 साली तिथे अ‍ॅना थिन नावाची बाई राहत असे. नवरा अ‍ॅबेतला मोठा धर्माधिकारी, घर मुलाबाळांचे. त्या वर्षी ती इंग्लंडच्या नैऋत्य किनाऱ्यावरील टॉर्की गावी गेली असता तिला खडकावर जिवंत प्रवाळ दिसले. होय, इंग्लंडच्या थंड समुद्रातही प्रवाळ असतात. ते आपल्यासारखी भिंत बांधत नाहीत; पेल्याएवढे, एकेकटे वाढतात.

बाईने ते लंडनला न्यायचे ठरवले. प्रवासात हादरून मरू नयेत म्हणून तिने सुईदोऱ्याने ते एका मोठ्या स्पंजाला शिवले व पाण्याच्या बरणीत ठेवले. घरी आल्यावर प्रश्न आला पाण्याचा. लंडनहून समुद्र दूर. रोज ताजे पाणी कुठून आणणार? तेव्हा तिने मोलकरणीकडून तेच पाणी उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतून घ्यायला सुरुवात केली. रोज अर्धा ते पाऊण तास. हवेतला प्राणवायू पाण्यात मिसळावा हा हेतू. पुढच्या वर्षी तिने पाण्यात समुद्री वनस्पती ठेवल्या. वनस्पती प्राणवायू देतात, जीव तो घेतात, असा मेळ बसला. तिचे प्रवाळ सुमारे तीन वर्षे जगले व त्यांना पिल्लेही झाली. तिने ठेवलेल्या नोंदी 1859 साली एका शास्त्रीय मासिकात छापून आल्या. घरात समुद्र टिकवून दाखवणाऱ्या पहिल्या माणसांत या बाईचे नाव घेतले जाते. आणि ज्या मोलकरणीच्या मनगटाच्या बळावर ते पाणी जिवंत राहिले, तिचे नाव मात्र लोकांच्या लक्षात राहिलेले नाही.

ही गोष्ट मी नातीला सांगितली. ती म्हणाली, "म्हणजे त्यांचा पंप ती मोलकरीण होती." मुले किती लवकर मुद्द्यावर येतात!

मग लागले वेड

ब्रिटनमध्ये 1845 साली काचेवरचा कर उठला आणि काच स्वस्त झाली. 1853 साली लंडनच्या रीजंट पार्कमधील प्राणिसंग्रहालयात जगातले पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले. तिथे ठेवायचे कित्येक जीव फिलिप हेन्री गॉस या निसर्ग अभ्यासकाने डेव्हनच्या किनाऱ्यावरून जमवले होते. त्याने 1854 साली 'द अ‍ॅक्वेरियम' हे सचित्र पुस्तक काढले. खाण्याचे मीठ, एप्सम मीठ, तसेच मॅग्नेशियम व पोटॅशियमचे क्लोराइड पाण्यात मिसळून समुद्राचे पाणी घरच्या घरी करता येते, हेही त्याने दाखवले. मग काय विचारता! दिवाणखान्यात समुद्र ठेवणे ही फॅशन झाली. लंडनमध्ये त्या सामानाची दुकाने निघाली. सुट्टीच्या दिवसांत लोक बरण्या व हातोड्या घेऊन आगगाडीने किनाऱ्यावर जाऊ लागले.

परिणाम असा झाला की डेव्हनच्या किनाऱ्यावरची खडकांतली डबकी, ज्यांत शतकानुशतके समुद्रफुले फुलत होती, ती उजाड झाली. गॉसचा मुलगा एडमंड याने 1907 साली आपल्या बालपणाचे पुस्तक लिहिले. वडिलांनी ज्या सौंदर्याची ओळख लोकांना करून दिली, तेच सौंदर्य त्या लोकांनी ओरबाडून संपवले आणि त्याचे वडिलांना किती दुःख झाले, हे त्याने त्यात सांगितले आहे. पेट्यांत नेलेले बहुतेक जीव थोड्याच दिवसांत मेले असणार, कारण नेणाऱ्यांना पाण्याचे ज्ञान नव्हते. हौस होती, घाई होती.

घाईचे फळ काय असते ते माझ्या भाच्यानेही चाखले होते.

पहिली पेटी का मेली

त्याने एका शनिवारी काचेची पेटी, मिठाची पिशवी व दोन मासे एकदमच विकत आणले. रविवारी पाणी भरले, मीठ विरघळवले, मासे सोडले. पाणी आरशासारखे स्वच्छ होते. गुरुवारी दोन्ही मासे मेले. मुलगी दोन दिवस जेवली नाही. भाचा मला म्हणाला, "मामा, मला वाटले पाणी स्वच्छ म्हणजे चांगले. ते रिकामे होते."

हे वाक्य पेटी मांडू पाहणाऱ्याने भिंतीवर लिहून ठेवावे. मासा पाण्यात मलमूत्र टाकतो, त्यातून अमोनिया हे विष तयार होते. समुद्रात, खडकाच्या प्रत्येक छिद्रात, डोळ्यांना न दिसणारे जिवाणू बसलेले असतात. एका जातीचे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसऱ्या जातीचे त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात, ते मात्र बरेच सौम्य. नव्या पेटीत हे कामकरी नसतात. ते येऊन वस्ती करायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. दही लावताना विरजण घालून रात्रभर थांबावे लागते, तसेच हे. चमचा घालून ढवळत बसल्याने दही लवकर लागत नाही.

दुसरी पेटी कशी मांडली

मी पोहोचलो तेव्हा दुसरी पेटी मांडायची होती. यावेळी बापलेकीने वही घातली होती. तिच्यातले मुख्य मुद्दे देतो. ब्रिटनमधल्या आपल्या मुलांना ते उपयोगी पडावेत.

पेटी 60 सेंटिमीटर लांब, 40 रुंद, 40 उंच. म्हणजे 96 लिटर. दगड-वाळू जाऊन पाणी सुमारे 80 लिटर. याहून लहान पेटी स्वस्त पडते, पण अवघड असते. कपातला चहा लवकर निवतो, पातेल्यातला उशिरा. त्याचप्रमाणे थोड्या पाण्यात उष्णता व मिठाचे प्रमाण झटकन बदलते. भरल्यावर वजन सव्वाशे किलोच्या आसपास जाते. ब्रिटनमधील जुन्या घरांची जमीन पुष्कळदा लाकडी असते, म्हणून पेटी खोलीच्या मध्यावर न ठेवता भक्कम भिंतीलगत, खालच्या तुळयांना आडवी येईल अशी ठेवली. खिडकीपासून व खोली तापवणाऱ्या रेडिएटरपासून दूर.

मग पाणी. लंडनचे नळाचे पाणी माणसाला पिण्यास उत्तम, परंतु प्रवाळाला नव्हे. ते जड असते, त्यात क्लोरीन असते, आणि जुन्या नळांतले शिसे उतरू नये म्हणून त्यात फॉस्फेटही मिसळतात. फॉस्फेट म्हणजे शेवाळाचे खत. म्हणून आर. ओ. यंत्रातून गाळलेले पाणी घेतले व त्यात मत्स्यालयासाठी मिळणारे मीठ टाकले, लिटरमागे 35 ते 40 ग्रॅम. स्वयंपाकाचे मीठ चालत नाही, कारण प्रवाळाला कॅल्शियम, मॅग्नेशियम इत्यादी सगळेच लागते. पाणी आधी बादलीत कालवावे, पंपाने दिवसभर ढवळावे, मग मोजावे. रिफ्रॅक्टोमीटर नावाच्या लहानशा दुर्बिणीसारख्या उपकरणात थेंब टाकला की प्रमाण दिसते. हजारी 35, अथवा विशिष्ट गुरुत्व 1.025 ते 1.026, ही खूण.

पेटीत तळाला थोडी वाळू, तीवर सच्छिद्र कोरडे दगड. हे दगड समुद्रातून काढलेले नव्हते, माणसाने बनवलेले होते. पाणी तापवण्यासाठी हीटर, 25 अंशांवर ठेवलेला. पाणी सतत हलते ठेवणारे दोन छोटे पंप, कारण प्रवाळाला पाय नाहीत; अन्न व प्राणवायू प्रवाहानेच त्याच्यापाशी यावे लागतात. वर निळा-पांढरा दिवा, रोज आठ-नऊ तास. विजेच्या तारा प्लगाच्या खालून वळसा घेऊन वर येतील अशा सोडल्या, म्हणजे तारेवरून ओघळणारा थेंब प्लगात न शिरता खालीच गळतो. खारे पाणी आणि वीज यांच्याशी खेळ नको.

मग माशांच्या खाद्याची चिमूट टाकून थांबले. दर तिसऱ्या दिवशी नात नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकी व रंग बघे. आधी अमोनिया चढला, मग उतरला. मग नायट्राइट चढले, उतरले. पाचव्या आठवड्यात दोन्ही शून्यावर आली. दरम्यान दगडांवर तपकिरी साय चढली, तिच्यानंतर हिरवे शेवाळ. सून म्हणाली, "एवढा पैसा घालून घरात गटार आणले!" भाचा हसला व शेवाळ खाणाऱ्या पाच गोगलगायी घेऊन आला. पंधरा दिवसांत दगड पुष्कळ उजळले.

सर्वांत उपयोगी धडा बाष्पीभवनाचा. पाणी उडून जाते, मीठ जात नाही. 80 लिटरांतले 4 लिटर उडाले तर हजारी 35 चे जवळजवळ 37 होतात. म्हणून रोज कमी झालेले पाणी गोड्या पाण्याने भरायचे, खाऱ्या नव्हे. आठवड्यातून एकदा मात्र दहावा हिस्सा जुने पाणी काढून तेवढेच नवे खारे पाणी घालायचे. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात. इथे थेंबे थेंबे तळे राखावेही लागते.

फांदी लावावी तसे

आता प्रवाळ. माझ्या पिशवीत काही नाही हे पाहून नात हिरमुसली होती. तिला वाटले, आजोबा विसरले. मी तिला डेव्हनच्या उजाड खडकांची गोष्ट सांगितली. मग आपली सांगितली. आपल्या बेटावर एके काळी किनाऱ्यावर चुन्याच्या भट्ट्या होत्या व त्यांत समुद्रातला कोराय जाळून चुना करीत. घरांच्या भिंतींत तो आहे, साखरेच्या कारखान्यांतही तो वापरला गेला. लगूनमधून वाळू उपसणेही 2001 साली बंदी येईपर्यंत चालले. आपल्या वाडवडिलांनी ते पोटासाठी केले. आपण शोभेसाठी करावे काय? ती म्हणाली, "मग माझ्या पेटीत कोराय कुठून येणार?"

उत्तर शेजारच्याच रस्त्यावर होते. एक निवृत्त इंग्रज गृहस्थ वीस वर्षांपासून पेटी ठेवतात. जास्वंदीची फांदी तोडून मातीत खोचली की नवे झाड होते, तसेच प्रवाळाचे असते. तुकडा कापून दगडावर चिकटवला की तो वाढू लागतो. ब्रिटनमधील हौशी लोक असे तुकडे एकमेकांना देतात, विकतात. या गृहस्थांनी नातीला मऊ प्रवाळाचे दोन तुकडे दिले. एक छत्रीसारखा, चामड्यासारख्या कातडीचा. दुसरा हिरव्या ताऱ्यांच्या गालिच्यासारखा. नवशिक्याने अशा मऊ जातींपासूनच सुरुवात करावी. कठीण कवचाच्या जातींना कॅल्शियम व क्षारता काटेकोर लागते, ते वर्षभराने.

एका धोक्याची सूचना त्या गृहस्थांनी गंभीरपणे दिली. झोअँथिड नावाच्या बटणासारख्या सुंदर प्रवाळांत कधी कधी पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असते. असा दगड उकळत्या पाण्यात टाकू नये, घासू नये, हातमोज्यांशिवाय हाताळू नये. 2018 साली ऑक्सफर्डशायरमध्ये पेटीतला दगड साफ करताना एक संपूर्ण कुटुंब व मदतीला गेलेले अग्निशमन दलाचे जवानही रुग्णालयात गेले होते.

शेवटी मासे. दोनच, नारिंगी-पांढरे क्लाऊन मासे, पेटीतच जन्मलेल्या आईबापांची पोरे. समुद्रातून पकडलेले घ्यायचे नाहीत, हे ठरलेले. काही देशांत प्रवाळातले मासे पकडण्यासाठी सायनाइड फवारीत आले आहेत; त्याने मासा गुंगतो आणि प्रवाळ मरतो. या जातीची आणखी एक मौज अशी की सगळी पिल्ले नर म्हणून वाढतात व जोडीतला मोठा पुढे मादी होतो. मी नातीला सांगितले की आपल्या मॉरिशसचा स्वतःचा एक क्लाऊन मासा आहे, ज्याच्या शास्त्रीय नावाचा अर्थ सोनेरी पोटाचा असा होतो, आणि तो आपल्या भागाबाहेर जवळजवळ कुठेच सापडत नाही. तिने तो वहीत काढला. पेटीत तो नाही, हे बरे आहे, असेही तिने खाली लिहिले.

हीटर अडकला त्या रात्री

सर्व सुरळीत चालले असताना एका सकाळी पाणी गरम लागले. हीटरचा आतला खटका रात्री अडकला होता, तो बंदच झाला नाही. तापमान 30 अंश. मासे पृष्ठभागाशी धापा टाकत होते. भाच्याने प्लग ओढला, झाकण उघडले, पंप वर तोंड करून लावला. पाणी हळूहळू उतरवले. बर्फ टाकला नाही, कारण एकदम थंडीही मारते. मासे वाचले. परंतु चार दिवसांत छत्रीसारखा प्रवाळ फिका, मग जवळजवळ पांढरा झाला.

हे काय होते ते समजून घेण्यासारखे आहे. आपल्या समुद्रातील प्रवाळ हा प्राणी असला तरी त्याच्या अंगात अतिसूक्ष्म शैवाल राहते. शैवाल उजेडात अन्न करते व बरेचसे प्रवाळाला देते. प्रवाळ त्याला घर देतो. रंगही बहुतांशी त्याचाच. पाणी फार तापले की हा संसार मोडतो. प्रवाळ शैवालाला बाहेर टाकतो व पांढरा पडतो. यालाच विरंजन म्हणतात. तो तत्काळ मरत नाही, उपाशी राहतो. पाणी लवकर निवले तर शैवाल परत येते, नाही तर मरण. नातीच्या पेटीत ते परत आले. दिव्याचा प्रकाश कमी केला, पाणी स्थिर ठेवले, आणि पाच-सहा आठवड्यांत छत्रीवर पुन्हा तपकिरी झाक दिसू लागली.

समुद्रात इतकी मोठी उडीही लागत नाही. नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा पाणी अवघे एक अंश जास्त तापून काही आठवडे तसेच राहिले तरी विरंजन सुरू होते. 1998 साली हिंदी महासागरात ते मोठ्या प्रमाणावर झाले. 2024 च्या एप्रिलमध्ये शास्त्रज्ञांनी चौथ्या जागतिक विरंजनाची घोषणा केली. आपल्या बेटाभोवतीही प्रवाळ पांढरे पडल्याचे कोळी सांगतात, पाणबुडे सांगतात.

नात त्या रात्रीनंतर दोन दिवस गप्प होती. मग तिने विचारले, "आजोबा, तिकडे आपल्या समुद्राचा हीटर अडकला तर प्लग कोण काढणार?"

मला उत्तर देता आले नाही. अजूनही नीट येत नाही.

काचेतून काय शिकावे

तरी काही लोक उत्तर शोधत आहेत, आणि तेही त्याच लंडनमध्ये. फॉरेस्ट हिल येथे फ्रेडरिक हॉर्निमन या चहाच्या व्यापाऱ्याने 1901 साली जनतेला दिलेले एक संग्रहालय आहे. तेथील मत्स्यालयात जेमी क्रॅग्ज यांनी 2012 साली एक प्रकल्प सुरू केला. बहुतेक प्रवाळ वर्षातून एकदाच, पौर्णिमेच्या आसपासच्या ठराविक रात्री, बीज सोडतात. क्रॅग्ज यांच्या मंडळींनी पेटीतच दूरच्या समुद्राचे ऋतू, सूर्यास्त, चंद्रप्रकाश व पाण्याचे तापमान यंत्राने हुबेहूब तयार केले, आणि 2013 साली लंडनमध्ये, समुद्रापासून दूर, प्रवाळांनी बीज सोडले. पुढे ही पद्धत त्यांनी छापून सर्वांसाठी खुली केली. कोणते प्रवाळ उष्णता सोसतात याचा अभ्यास त्यामुळे सोपा झाला. वेस्टमिन्स्टरच्या बाईने स्पंजाला शिवून आणलेल्या प्रवाळांपासून इथवर यायला पावणेदोनशे वर्षांच्या आत-बाहेरचा काळ गेला.

वाचकहो, आपल्या बेटाभोवती सुमारे 150 किलोमीटर प्रवाळाची भिंत आहे. वादळाची लाट ती बाहेरच मोडते. आपण गणपती विसर्जनाला ज्या शांत पाण्यात उतरतो, ते तिच्यामुळे शांत आहे. तिला ना हीटर लागतो, ना पंप, ना विजेचे बिल. भाच्याच्या 80 लिटरांना रोज अर्धा तास, दर रविवारी दोन तास आणि खिसा भरून पौंड लागतात, तेव्हा दोन मासे व दोन प्रवाळ जगतात. मग आपल्याला फुकट मिळालेल्या लगूनची किंमत किती, याचा हिशेब ज्याने त्याने करावा. 2020 च्या जुलैत वाकाशियो जहाज प्वांत देस्नी येथे भिंतीवर चढले व ऑगस्टमध्ये तेल सांडले, तेव्हा उसाच्या पाल्याचे बंधारे शिवायला हजारो हात पुढे आले. त्या दिवसांत आपल्याला ती किंमत कळली होती.

आपले पूर्वज ज्या कोकणातून आले, त्या मालवणच्या किनाऱ्यालगतही प्रवाळ आहेत व 1987 साली तेथे सागरी अभयारण्य जाहीर झाले. तेव्हा दोन्हीकडून हा वारसा आपलाच आहे.

ब्रिटनला मुलांकडे जाणाऱ्या आजी-आजोबांना माझे एवढेच सांगणे की अशार न्या, मसाला न्या, कोराय नेऊ नका. नातवंडांनी पेटी मांडायचे म्हटले तर नाही म्हणू नका. मात्र थांबायला शिकवा, आणि समुद्रातून काढलेले नव्हे, पेटीत वाढलेलेच घ्यायला सांगा. पेटीचा कंटाळा आला तर त्यातले जीव ओढ्यात वा समुद्रात सोडायचे नाहीत, दुसऱ्या पेटीवाल्याला द्यायचे, हेही सांगा. परदेशी जीव मोकळे सोडणे तिकडे गुन्हा आहे.

आणि नातवंडे इकडे आली की त्यांना ब्लू बेला न्या, काचेच्या तळाच्या होडीत बसवा. माझी नात या डिसेंबरात येणार आहे. येताना ती वही आणणार आहे, पाण्याचे तापमान लिहून घ्यायला.